पाळी वेळेवर येते, मग कळा दर महिन्याला का वाढतात?

पत्र :

डॉक्टरताई, मी पुण्यात धायरीला राहते. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला. तेराव्या वर्षी पाळी आली. पहिले सहा-सात महिने काही त्रास नव्हता, मग दुखायला लागलं आणि तेव्हापासून दर महिन्याला थोडं थोडं वाढतंच आहे. पाळी अठ्ठावीस-तीस दिवसांनी अगदी वेळेवर येते, रक्तही नेहमीसारखं जातं. पण ओटीपोटात उजव्या बाजूला इतकं दुखतं की ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते, उलट्या करते. दोन मेफ्टालने काही होत नाही, तिसरी द्यायला मला भीती वाटते. आता तर पाळी संपल्यावरही तीन-चार दिवस दुखत राहतं. जवळच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. ‘उजवीकडे चार सेंटिमीटरची रक्ताची सिस्ट आहे, आपोआप जाईल’ असं सांगून हॉर्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. सासूबाई म्हणतात, बाईच्या जातीला हे चालायचंच, एक बाळंतपण झालं की थांबेल. असल्या गोळ्या दिल्या तर पुढे मूल व्हायचं नाही, असंही त्या म्हणतात. गोळ्या देऊ की नको? फेब्रुवारीच्या शेवटी बोर्डाची परीक्षा आहे. बाकी तिची तब्येत चांगली आहे. लहानपणी लघवीच्या इन्फेक्शनसाठी तपासण्या केल्या तेव्हा तिला उजवी किडनी जन्मतःच नसल्याचं कळलं होतं. पण एका किडनीवर माणूस आरामात जगतो असं सांगितल्यामुळे आम्ही ते विसरूनही गेलो होतो.
– एक आई

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. उजवी किडनी जन्मतः नाही. दुखतं उजवीकडेच. सोनोग्राफीत जी ‘सिस्ट’ दिसली तीही उजवीकडे. या तीन गोष्टी एकाच मुलीच्या बाबतीत एकत्र आल्या, तर गोळ्या द्यायच्या की नाही हा प्रश्न मागे पडतो. आधी एमआरआय करायला हवा. पत्र वाचून निदान होत नाही आणि मी ते करतही नाही, पण कुठे शोधायचं हे तुमच्या पत्रावरून नक्की सांगता येतं.

मुलगी आईच्या पोटात साधारण सहा ते बारा आठवड्यांची असते, तेव्हा तिच्या शरीरात दोन बाजूंनी दोन नळ्या वाढत खाली येतात आणि मध्यभागी एकमेकींना जुळतात. मधली भिंत विरघळते आणि त्यातून एक गर्भपिशवी आणि योनीमार्गाचा वरचा भाग तयार होतो. त्याच सुमारास, अगदी शेजारी, किडनीची घडण चाललेली असते. त्यामुळे एका बाजूला काही बिघडलं तर दोन्हीकडे खुणा राहतात. जन्मतः एकच किडनी असलेल्या मुलींपैकी जवळपास एक-तृतीयांश मुलींमध्ये गर्भपिशवीच्या किंवा योनीमार्गाच्या घडणीत काही ना काही वेगळेपण सापडतं. म्हणूनच, लहानपणी ‘एक किडनी पुरेशी असते’ हे तुम्हाला सांगितलं ते खरं असलं, तरी ‘पाळी सुरू झाली की एकदा गर्भपिशवीची तपासणी करून घ्या’ हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. ते क्वचितच सांगितलं जातं.

मला ज्याची शंका येते ती रचना अशी. दोन्ही नळ्या जुळल्याच नाहीत तर दोन स्वतंत्र गर्भपिशव्या होतात आणि खाली योनीमार्गाचेही दोन भाग राहतात. कधी कधी त्यांतला एक भाग पडद्याने पूर्ण बंद असतो आणि त्याच बाजूची किडनी नसते. दोन खोल्यांचं घर असावं, पण एका खोलीचं दार बांधताना भिंतीतच बुजवलं जावं, तसं. उघड्या खोलीतून पाळी दर महिन्याला रीतसर बाहेर येते. बंद खोलीतही दर महिन्याला रक्त तयार होतं, पण त्याला वाट नसते. ते साठतं, भिंती ताणल्या जातात, पुढच्या महिन्यात त्यात आणखी भर पडते. सुरुवातीला जागा मोकळी असल्यामुळे त्रास होत नाही. म्हणून पहिले काही महिने सुखाचे जातात आणि मग दुखणं चढत्या क्रमाने वाढतं. तुम्ही लिहिलेली हकीकत याच वळणाची आहे.

जर्मनीतल्या हर्लिन आणि वर्नर यांनी १९७१ मध्ये आणि वुंडरलिश यांनी १९७६ मध्ये या रचनेची नोंद केली, म्हणून तिला त्या तिघांचं नाव आहे. हल्ली डॉक्टर तिला, इंग्रजी वर्णनाच्या आद्याक्षरांवरून, ‘ओहविरा’ असंही म्हणतात. ही गोष्ट दुर्मीळ आहे. एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला उभ्या कारकिर्दीत अशा मोजक्याच मुली भेटतात. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना ती पहिल्या भेटीत सुचली नाही म्हणून त्यांच्यावर रागावू नका. शिवाय पाळी नियमित असल्यामुळे सगळेच फसतात. वाट बंद असती तर पाळी आलीच नसती, असं कोणालाही वाटेल. आणि साठलेल्या रक्ताची पिशवी सोनोग्राफीत बीजांडकोशाच्या सिस्टसारखीच दिसते. उजवी बाजू असली तर अपेंडिक्सचीही शंका घेतली जाते. काही मुलींचं अपेंडिक्स काढून झाल्यावर खरं कारण कळलेलं आहे.

आता काय करायचं ते सांगते.

लहानपणीचे किडनीचे रिपोर्ट शोधा. सापडले नाहीत तरी हरकत नाही, नव्या सोनोग्राफीत दोन्ही कुशींत किडनी बघायला सांगा. ओटीपोटाची सोनोग्राफी करताना अनेकदा वर किडनीपर्यंत कोणी जात नाही. अविवाहित मुलींची सोनोग्राफी भरल्या लघवीने पोटावरूनच होते आणि त्यात खालचा योनीमार्ग नीट दिसत नाही. इथे एमआरआय उपयोगी पडतो. त्यात किरणोत्सर्ग नसतो, अर्धा-पाऊण तास मशीनमध्ये पडून राहावं लागतं, आवाज मोठा असतो. एवढंच. पण तो करून घेताना चिठ्ठीवर नुसतं ‘पोटदुखी’ असं लिहिलेलं नको. ‘उजवी किडनी नाही, दर पाळीला उजवीकडे वाढत जाणारी वेदना, दुहेरी गर्भपिशवी आणि बंद योनीमार्ग आहे का ते पाहावे’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. काय शोधायचं हे ठाऊक असलेल्या रेडिओलॉजिस्टला अशा रचना स्पष्ट दिसतात. ठाऊक नसेल तर तेच चित्र पुन्हा ‘सिस्ट’ म्हणून जाऊ शकतं.

शंका खरी ठरली तर उपचार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. तो बंद करणारा पडदा योनीमार्गातून कापून काढतात आणि साठलेलं रक्त बाहेर येतं. पोटावर मोठी चीर नाही, गर्भपिशवी काढणं नाही. बहुतेक मुलींना त्यानंतरच्या पाळीतच फरक जाणवतो. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते : कोणी ‘सुई घालून रक्त काढून टाकू, मोकळं होईल’ म्हणालं तर थांबा. नुसत्या सुईने काढलेलं रक्त पुन्हा साठतं आणि त्या बंद जागेत जंतू गेले तर पू होतो. निदान पूर्ण झाल्यावर, एकदाच, नीट शस्त्रक्रिया व्हावी. काही थोड्या मुलींमध्ये त्या बाजूचं गर्भपिशवीचं तोंडच घडलेलं नसतं, तेव्हा शस्त्रक्रिया मोठी होते. तेही एमआरआयनेच आधी कळतं.

मुलगी वयात आली की आया एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. तुम्ही तो लिहिला नाहीत, तरी मीच बोलते. ज्या पडद्याबद्दल आपण बोलतोय तो आत, वरच्या बाजूला असतो. कौमार्याशी जोडला जातो तो पडदा वेगळा. बारीक दुर्बीण वापरून तो न दुखवता शस्त्रक्रिया करता येते आणि तुमची तशी इच्छा असेल तर सर्जनना आधी सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते शक्य झालं नाही म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. साठलेलं रक्त उलट दिशेने, गर्भनलिकेतून पोटात जातं आणि तिथे एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भपिशवीसारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, मूळ धरतो. पुढे मूल होण्यात अडचण आलीच, तर ती या उशिरामुळे येण्याची शक्यता जास्त.

वेळेवर वाट मोकळी झाली तर दोन्ही गर्भपिशव्या राहतात आणि यांतल्या बहुसंख्य मुलींना पुढे दिवस राहतात. दुहेरी गर्भपिशवीत अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि पायाळू बाळ यांचं प्रमाण जास्त असतं, सिझेरियनही जास्त होतात, म्हणून त्या काळात देखरेख हवी. हे तुम्हाला आणि मुख्य म्हणजे तिला माहीत असावं. स्थळांना सांगायचं का, कधी सांगायचं, हा निर्णय ती मोठी झाल्यावर तिने घ्यायचा. पंधराव्या वर्षी घरच्यांनी नातेवाइकांत चर्चा करून तो तिच्या वतीने घेऊन टाकू नये.

आता गोळ्यांबद्दल. हॉर्मोनच्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, हे खरं नाही. गोळ्या थांबवल्या की पाळी आणि बीज सुटणं पूर्ववत होतं. म्हणजे तुमच्या सासूबाईंची भीती अनाठायी आहे. पण गोळ्या आत्ताच, तपासणीआधी सुरू कराव्यात असं मात्र मला वाटत नाही. कारण त्यांनी रक्तस्राव कमी होईल, दुखणं दबेल, सगळ्यांना हायसं वाटेल आणि एमआरआय पुढच्या वर्षावर जाईल. चित्र हातात आलं की मग याच औषधांचा चांगला उपयोग होतो. शस्त्रक्रियेची तारीख लांबची मिळाली किंवा परीक्षा आडवी आली, तर काही आठवडे पाळी येऊच नये म्हणून रोज हॉर्मोनची गोळी देतात. बंद जागेत नवं रक्त साठत नाही आणि मुलगी शांतपणे पेपर देऊ शकते. पण ताप, दुर्गंधी किंवा फार मोठी साठवण असेल तर परीक्षेसाठी थांबता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मेफ्टालची तुम्हाला वाटणारी भीती बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे. मेफ्टालमधलं मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन वगैरे वेदनाशामकं किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. निरोगी, दोन किडन्यांच्या मुलीला महिन्यातले दोन दिवस त्याचं काही होत नाही. तुमच्या मुलीकडे एकच आहे, आणि उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालेलं असताना उपाशीपोटी गोळ्यांवर गोळ्या घेणं हे त्या किडनीसाठी वाईट. म्हणून तिसरी गोळी नकोच. पुढच्या महिन्यापर्यंत पॅरासिटामॉल वजनानुसार, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, आणि ओआरएसचे घोट. शेकाला घरगुती म्हणून हसू नका, पाळीच्या वेदनेवर त्याचा खरोखर गुण येतो. किडनीचं काम कसं चाललंय ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब एकदा तपासून घ्या आणि दर वर्षी तपासत जा. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की ‘हिला एकच किडनी आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. आणखी एक, इतर वाचकांसाठी : २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबाबत इशारा दिला होता. गोळी सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं झालं तर ती लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. पुण्यातल्या कॉलेजच्या मुलींच्या पर्समध्ये ही गोळी कंगव्याच्या शेजारी असते, म्हणून सांगितलं.

सासूबाईंचं बोलणं टाकाऊ नाही, हेही म्हणते. साध्या पाळीच्या दुखण्यात गर्भपिशवीत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी ती आवळते आणि कळा येतात. असं दुखणं पाळीबरोबर सुरू होतं, मधोमध असतं, कमरेत आणि मांड्यांत उतरतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं आणि पुष्कळ बायकांना बाळंतपणानंतर ते कमी होतं. त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं असणार. तुमच्या मुलीचं दुखणं मात्र त्या जातीचं नाही. ते एकाच बाजूला आहे, महिन्यागणिक वाढतंय, पाळी संपली तरी थांबत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये असा सल्ला दिला आहे की नीट औषधोपचार करूनही तीन ते सहा महिन्यांत मुलीच्या पाळीच्या वेदनेत फरक पडला नाही तर दुसरं कारण शोधायला लागावं. एकच किडनी असल्याचं आधीच माहीत असताना तर तेवढंही थांबू नये. सासूबाईंना हे असं समजावून सांगा, त्या ऐकतील. घरातली म्हातारी माणसं नातीला गडाबडा लोळताना बघून स्वतःही घाबरलेली असतात, म्हणून ‘चालायचंच’ म्हणतात.

एमआरआयमध्ये माझी शंका खोटी ठरली तर? तरी तो वाया जाणार नाही. कधी गर्भपिशवी एकाच बाजूची पूर्ण घडते आणि दुसऱ्या बाजूला तिचा एक छोटा, बंद तुकडा राहतो. त्यात अस्तर असलं तर तोही दर महिन्याला रक्ताने फुगतो. हा तुकडा दुर्बिणीने काढून टाकतात, आणि तो काढायलाच हवा, कारण पुढे त्यात गर्भ राहिला तर तो फुटून जिवावर बेतू शकतं. कधी बाहेरून गर्भपिशवी अगदी सरळ दिसते पण आतला पडदा तिरका जाऊन एक कप्पा बंद करतो. फ्रान्समधल्या रॉबर्ट यांनी १९७० च्या सुमारास त्याची नोंद केली आणि तो रॉबर्टची गर्भपिशवी म्हणून ओळखला जातो. आणि कधी गर्भपिशवी पूर्णपणे ठीक असते, पण तिच्या भिंतीत, जिथे तिला धरून ठेवणारा दोरीसारखा गोल बंध चिकटतो तिथे, दोन-चार सेंटिमीटरची एक पोकळ गाठ असते. तिला आतून गर्भपिशवीसारखंच अस्तर असतं. तिला फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूची साधी गाठ, समजण्याची चूक नेहमी होते. विशी-पंचविशीतल्या, बाकी सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेल्या आणि तरी एकाच जागी बोट ठेवून ‘इथे’ म्हणणाऱ्या मुलींमध्ये या गाठीचा विचार व्हायला हवा. ती काढली की दुखणं जातं. मूळच्या गर्भपिशवीला धक्का लागत नाही. यांपैकी काहीच नसेल तर एंडोमेट्रिओसिस. तो या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि शाळकरी मुलींनाही होतो.

जाता जाता दुसऱ्या आयांसाठी : मुलगी चौदा-पंधराची झाली, छाती वाढली, पाळी मात्र आलेली नाही आणि तरी दर महिन्याला ठरावीक दिवसांत पोटात दुखतं किंवा लघवी अडते, तर तिथेही वाट बंद असू शकते. अशा मुलीला ‘उशिरा येईल’ म्हणून घरी ठेवू नका.

तुम्ही पुण्यात आहात याचा फायदा घ्या. ससूनला किंवा एखाद्या मोठ्या ट्रस्ट रुग्णालयात स्त्रीरोग, रेडिओलॉजी आणि किडनीचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात. सर्जनना सरळ विचारा, ‘अशा जन्मजात रचनेच्या शस्त्रक्रिया तुम्ही आधी केल्यात का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. स्वतः केलेल्या नसतील तर कोणी केल्यात ते सांगतो. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. ही शस्त्रक्रिया यादीत कुठल्या नावाने बसते ते दाखल होण्याआधीच त्यांच्याकडून विचारून घ्या.

मुलीला आधी सगळं सांगा. तिच्यासमोर कुजबुजू नका. अठराच्या आत असल्यामुळे संमतीची सही तुमची लागेल, पण अंग तिचं आहे. कागदावर चित्र काढून दाखवा, नाहीतर डॉक्टरांना काढायला सांगा. तिला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीने बोलू द्या. ‘मी नाटक करत नव्हते’ हे या मुलींना कोणाकडून तरी ऐकायचं असतं, आणि ते डॉक्टरांच्या आधी तुम्ही म्हणालात तर बरं.

मधल्या काळात ताप आला, अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा पुवासारखं जाऊ लागलं, लघवी अडली, चक्कर येऊन पडली किंवा दुखणं पाळीशिवाय अचानक असह्य झालं, तर एमआरआयच्या तारखेची वाट न पाहता रात्री-अपरात्रीही दवाखान्यात न्या.

साठलेलं रक्त आणि ताणलेली भिंत दुखत असताना सगळ्यांत स्पष्ट दिसते. म्हणून एमआरआयची वेळ पुढच्या पाळीच्या शेवटच्या दिवसांतली किंवा त्यानंतरच्या दुखऱ्या दोन-तीन दिवसांतली घ्या. आधी फोन करून ठेवा, सरावपरीक्षेचा एखादा पेपर त्यात गेला तर जाऊ द्या.